डम्प दर वेळी वेगळा येतोय? प्रोटोटाइप कार्ट्रिजच्या ईप्रॉमचं नेमकं काय बिघडतं आणि काय करायचं

तीच चिप, तोच प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र), तोच सॉकेट, काहीही हलवलेलं नाही, आणि लागोपाठ दहा वेळा वाचून डम्प घेतला, म्हणजे चिपमधला सगळा डेटा फाइलमध्ये उतरवला, तर सात वेगवेगळे सीआरसी (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा). जुन्या व्हिडिओ गेमची प्रोटोटाइप कार्ट्रिज, म्हणजे गेम बनत असतानाच्या चाचणी प्रती, हाताळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रकार भेटतो, आणि एकदा निस्तरला म्हणजे संपला असंही नाही, पुढच्या बोर्डवर परत तेच. माझ्याकडे आता तिसऱ्यांदा झालं म्हणून म्हटलं एकदा सगळं बैजवार लिहून काढूया, कारण या वेळी चिप जाता जाता वाचली आणि त्यातून जे कळलं ते मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं असतं तर आधीचे दोन बोर्ड जास्त नीट वाचले असते.

सगळ्यात आधी एक विनंती. सीआरसी जुळत नाही म्हटल्यावर घाईघाईने चिप उपसून, घासून, परत परत पॉवर देऊन बघू नका. आणि सॉफ्टवेअरमधल्या प्रोग्रामच्या बटणाला तर हातच लावू नका.

आधी हे होतं का ते बघू. दुकानात विकायला आलेल्या कार्ट्रिजमध्ये बहुतेक करून मास्क रॉम असते, म्हणजे डेटा चिप बनवतानाच तिच्या रचनेत पक्का कोरलेला असतो, तिथे झिरपून जायला काही नाहीच. पण गेम बनत असताना रोज नवा बिल्ड (गेमची त्या दिवसापर्यंतची आवृत्ती) टेस्टरकडे, मासिकांकडे, परवानगीसाठी कंपनीकडे पाठवायचा असायचा, त्यासाठी कोण मास्क बनवत बसणार, म्हणून ईप्रॉम वापरायचे, म्हणजे वरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश टाकून पुसता आणि परत लिहिता येणारी चिप. इंटेलमध्ये डव्ह फ्रोमन यांनी ही चिप शोधली, १९७१ मध्ये १७०२ नावाने बाजारात आली, आणि तिच्यात मावायचे फक्त २५६ बाइट. पुढे २७१६, २७६४, २७सी०१०, २७सी०४० असं करत आकार वाढत गेला पण आतली गोष्ट तीच राहिली: प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर, त्याच्या पोटात चारी बाजूंनी ऑक्साइडने बंद केलेला एक फ्लोटिंग गेट, आणि त्या गेटवर अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. ते इलेक्ट्रॉन म्हणजेच तुमचा गेम. डेटाशीटवर साधारण १० किंवा २० वर्षं टिकेल असं लिहिलेलं असतं, आणि आपल्या हातातल्या चिप तीस-पस्तीस वर्षांच्या. बऱ्याचशा अजून व्यवस्थित वाचल्या जातात हे खरं, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून कपाटात ठेवून देणं मला पटत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा, या सगळ्या लिखाणातला एकच लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. कोऱ्या ईप्रॉममध्ये सगळे बिट १ असतात, म्हणून कोरी चिप वाचली की सगळीकडे एफएफ (आठही बिट १ असलेला बाइट) दिसतं. गेटवर चार्ज चढवला की तो बिट ० होतो. म्हणजे चार्ज गळायला लागला तर बिट ० कडून १ कडे सरकतो, उलटा नाही. त्यामुळे दोन डम्प जुळत नसतील तर नुसतं जुळत नाहीत म्हणून सोडून देऊ नका, फरक कुठल्या जागी आणि कुठल्या दिशेने पडतोय ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

माझ्याकडचा या वेळचा बोर्ड सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलचा होता, दोन २७सी०४०, म्हणजे प्रत्येकी ५१२ किलोबाइट, एकीवर सम पत्त्याचे बाइट आणि एकीवर विषम पत्त्याचे. लेबलं हाताने लिहिलेली, निळ्या पेनाने तारीख आणि आवृत्ती, त्यातल्या विषम चिपच्या लेबलचा कोपरा सुटून वर आलेला आणि खालची काचेची खिडकी एका कडेने उघडी पडलेली. सम चिप पहिल्या दमात दहाच्या दहा वेळा एकसारखी वाचली गेली. विषम चिपने तो वर सांगितलेला गोंधळ घातला.

मी आधी फोटो काढले, दोन्ही बाजूंनी, कुठली चिप कुठल्या सॉकेटमध्ये आणि खाच कुठल्या दिशेला हे स्पष्ट दिसेल असे. हे टाळू नका, उलटी बसवलेली चिप पॉवर दिल्यावर कायमची जाऊ शकते. फ्लॅश मात्र बंद ठेवा. एका फ्लॅशने चिप पुसली जाते असं नाही, पण उघड्या सिलिकॉनवर जोरदार प्रकाश पडला की चालू सर्किट गडबडतं, २०१५ मध्ये रास्पबेरी पाय २ चा झेनॉन फ्लॅशने फोटो काढला की तो बंद पडायचा ते अनेकांना आठवत असेल, प्रकार त्याच जातीचा. म्हणूनच चिप वाचतानासुद्धा खिडकी झाकलेली हवी, टेबल लॅम्पखाली उघडी ठेवून वाचू नये.

मग दहाही फाइल एकमेकांशी ताडून बघितल्या. फरक दोन प्रकारचे निघाले आणि हे दोन प्रकार वेगळे ओळखता येणं हीच खरी कसरत आहे. काही डम्पमध्ये हजारो बाइट वेगळे होते पण प्रत्येक ठिकाणी बिट एकच, डी५ (आठ डेटा लाइनपैकी एक), बाकीचे सात बिट जसेच्या तसे. चार्ज असा एका रांगेत ठरवून गळत नाही हो. एकाच डेटा लाइनवर सगळा गोंधळ म्हणजे त्या पिनचा कॉन्टॅक्ट. २७सी०४० वर डी५ म्हणजे १९ नंबरची पिन, भिंगाखाली बघितली तर पार काळी पडलेली. बऱ्याच जुन्या चिपच्या पायांवर चांदीचा मुलामा असतो, हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो. फायबरग्लास पेनने अगदी हलक्या हाताने पाय साफ केला, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, वाळू दिला, आणि तो हजारो बाइटचा फरक गेला तो गेलाच. पत्त्याच्या लाइनचा कॉन्टॅक्ट गेला तर चित्र आणखी वेगळं दिसतं, उदाहरणार्थ ए१२ लटकत असेल तर ४०९६ बाइटचा एक तुकडा आणि त्याच्या शेजारचा तुकडा हुबेहूब सारखे येतात, आणि तेव्हा गंमत अशी की सीआरसी दर वेळी जुळूही शकतो, म्हणजे डम्प स्थिर आहे पण चुकीचा आहे. म्हणून नुसत्या जुळणाऱ्या सीआरसीवर समाधान मानू नका, फाइल उघडून डोळ्यांनी चाळा.

सॉकेटवाल्या बोर्डवर चिप वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन हळूहळू वर सरकलेलीही असते, कधी कधी बोटाने चारी बाजूंनी समान दाबली तरी काम होतं. सोल्डर केलेली असेल आणि कार्ट्रिजच्या कडेच्या कनेक्टरवरून वाचता येत असेल तर उगाच काढू नका.

पिन साफ झाल्यावर काय उरलं? तीन बाइट. ५१२ किलोबाइटमध्ये फक्त तीन, एकमेकांपासून लांब लांब, वेगवेगळे बिट, आणि प्रत्येक ठिकाणी तो बिट कधी ० तर कधी १. हा मात्र खरा चार्जचा आजार. ट्रान्झिस्टर अगदी उंबरठ्यावर आलेला असतो, सेन्स करणाऱ्या सर्किटला तो कधी बंद वाटतो कधी चालू.

इथे बहुतेक जण शंभर वेळा वाचून बहुमत घेतात. वाईट नाही, पण बहुमत इथे फसवतं, कारण बिट गळतीच्या वाटेवर जितका पुढे गेला असेल तितका १ जास्त वेळा येणार, आणि मूळ तर ० होता. कॉन्टॅक्टची शंका पूर्ण मिटल्यावरच, आणि तेव्हाच, असं म्हणता येतं की ज्या जागी एकदा जरी खात्रीने ० आला तिथे मुळात ० असण्याची शक्यता जास्त. कॉन्टॅक्ट वाईट असताना हा नियम लावला तर डम्पची वाट लागेल.

यापेक्षा चांगला उपाय म्हणजे व्होल्टेज. वाचताना ट्रान्झिस्टरच्या वरच्या गेटवर साधारण व्हीसीसीइतकाच, म्हणजे चिपला दिलेल्या सप्लायच्या व्होल्टेजइतकाच, दाब येतो. चार्ज कमी झालेला सेल ५ व्होल्टला थोडा चालू होतो आणि १ दाखवतो, पण व्हीसीसी खाली आणला तर तितका दाब त्याला उघडायला पुरत नाही आणि तो परत ० दाखवतो. प्रोग्राम करताना याचंच उलटं करतात, ताजा लिहिलेला बिट ६ व्होल्टच्या वर नेऊन तपासतात, कारण तिथे पक्का राहिला तर ५ ला नक्की राहील. म्हणजे चिपची तब्येत बघायची असेल तर व्हीसीसी थोडा वर नेऊन वाचा, कुठले बिट डळमळतात ते कळेल, आणि गेलेले बिट परत मिळवायचे असतील तर व्हीसीसी खाली आणा. मी ५ वरून ४.७५, मग ४.५, मग ४.२५ असं पायरी पायरीने उतरलो आणि प्रत्येक पायरीवर पन्नास वेळा वाचलं. कमी व्होल्टेजला चिप मंदावते म्हणून वाचण्याचा वेगही कमी ठेवायचा. आणि एक सांभाळा, बाहेरच्या पॉवर सप्लायने फक्त चिपचा व्हीसीसी खाली आणून पत्त्याच्या लाइन ५ व्होल्टवरच ठेवल्या असं करू नका, सीमॉस चिपला स्वतःच्या सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज इनपुटवर चालत नाही. प्रोग्रामर सगळंच एकत्र खाली आणू शकत असेल तर उत्तम. कूलिंग स्प्रेने चिप थंड करून वाचणारेही आहेत, मी ते करत नाही, पिनांवर दव धरतं आणि मग नवीनच भानगड.

४.५ ला तीनपैकी दोन बाइट शांत झाले. पन्नासच्या पन्नास वेळा एकच उत्तर.

त्यातला एक बाइट मी मुद्दाम उघडून बघितला, कारण सिद्ध झाल्याशिवाय मला चैन पडेना. तो कोडच्या भागात होता. ५ व्होल्टला कधी ७५ यायचा कधी ७७, आणि सम चिपवरचा त्याच्या आधीचा बाइट ४ई. मेगा ड्राइव्हच्या ६८००० प्रोसेसरच्या भाषेत ४ई७५ म्हणजे आरटीएस, सबरूटीन संपली, परत जा. आणि ४ई७७ म्हणजे आरटीआर, जी परत जाण्याआधी स्टॅकवरून फ्लॅग (प्रोसेसरच्या स्थितीचे बिट) उचलते आणि मग पुढचं जे सापडेल त्याला परतीचा पत्ता समजते. दोन्ही आज्ञा वैध, डिसअसेंबलर (आकड्यांचं परत आज्ञांमध्ये भाषांतर करणारं सॉफ्टवेअर) एकाही ठिकाणी तक्रार करत नाही, पण त्या जागी आरटीआर आली की गेम भलतीकडेच उडी मारणार. वरच्या रूटीनमध्ये फ्लॅग स्टॅकवर ठेवलेलेच नव्हते, म्हणजे आरटीएसच बरोबर, आणि कमी व्होल्टेजलाही ७५ च आला. एक बिट, ० चा १ झालेला. या बोर्डाबद्दल आधी कुणीतरी लिहून ठेवलं होतं की हा बिल्ड दुसऱ्या लेव्हलनंतर अडकतो, गेम अपुरा असावा. गेम अपुरा नव्हता हो, तो बिट गळला होता. हे वाचल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या टीममधल्या माणसाने आपलं काम पूर्ण केलेलं होतं आणि इतकी वर्षं आपण त्यालाच अर्धवट म्हणत होतो.

हेडरमधल्या, म्हणजे रॉममध्ये गेमची माहिती असलेल्या भागातल्या, चेकसमबद्दल (पडताळणीची बेरीज) पण विचारतात सगळे. मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, गेम बॉय या तिघांच्या हेडरमध्ये चेकसमची जागा असते, पण प्रोटोटाइपमध्ये ती बऱ्याचदा भरलेलीच नसते किंवा जुन्या बिल्डची तशीच राहिलेली असते. जुळला तर आनंद, नाही जुळला म्हणून डम्प वाईट ठरवू नका. आणि जुळावा म्हणून फाइलमध्ये बदल तर मुळीच करू नका. एनईएसच्या (निन्टेन्डोचा सुपरच्या आधीचा कन्सोल) रॉममध्ये तसं हेडरच नसतं, तिथे प्रोग्रामच्या चिपचे शेवटचे सहा बाइट बघा, रीसेट वगैरेचे पत्ते तिथे असतात, ते शहाण्यासारखे दिसतात का एवढं तरी कळतं. एनईएसच्या बऱ्याच बोर्डवर प्रोग्राम आणि ग्राफिक्स वेगळ्या चिपवर असतात, तसं असेल तर दोन्ही वाचायच्या राहू देऊ नका.

प्रोग्रामरबद्दल थोडं. चिपचा आयडी आपोआप ओळखण्याचा पर्याय बंद ठेवा, कारण त्यासाठी तो ए९ पिनवर साधारण १२ व्होल्ट देतो आणि जी चिप त्यासाठी बनलेली नाही तिला ते महागात पडू शकतं. २४ पिनांच्या जुन्या चिप, जशा अटारीच्या प्रोटोटाइप बोर्डवर सापडतात, त्यांचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. इंटेलची २७१६ एकाच ५ व्होल्टवर वाचता येते, पण टीएमएस२७१६ ला तीन वेगवेगळे सप्लाय लागतात, त्यात एक उणे ५ चा, आणि पिनांची मांडणीही वेगळी. नाव जवळजवळ सारखं म्हणून तीच चिप समजू नका.

आता वादाचा मुद्दा, मूळ चिप रिफ्रेश करावी का. म्हणजे पुसायचं नाही, तोच डेटा तिच्यावरच परत प्रोग्राम करायचा, जेणेकरून ० वाल्या गेटवर पुन्हा चार्ज चढेल. तत्त्वतः हे चालतं. पण प्रोग्रामिंगचं व्होल्टेज चिपगणिक बदलतं, जुन्या २७१६ ला २५, २७३२ए ला २१, नंतरच्या बऱ्याचशांना १२.५ किंवा त्याच्या आसपास, एक चूक झाली की चिप गेली. शिवाय तुमच्या डम्पमध्ये एखादा ० चुकून राहिला असेल, म्हणजे जिथे खरा १ आहे तिथे, तर तो कायमचा कोरला जाईल, अतिनील दिव्याशिवाय परत १ होणार नाही. माझं मत स्पष्ट आहे, मूळ चिपला हात लावू नये. पडताळलेला डम्प नवीन चिपवर लिहा, बोर्डवर खेळायचं असेल तर ती नवीन लावा, आणि जुनी चिप शांतपणे अंधारात राहू द्या. नवीन चिपसुद्धा अमर नाही, फ्लॅश मेमरीमध्येही चार्जच अडकवलेला असतो, तेव्हा खरी प्रत म्हणजे फाइल, दोन-तीन ठिकाणी ठेवलेली, सोबत शा-१ (फाइल बदलली नाही ना ते तपासायचा आकडा).

अंधार म्हणजे खराच अंधार. डेटाशीटप्रमाणे थेट उन्हात साधारण आठवड्याभरात ईप्रॉम पुसली जाऊ शकते आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशात सतत राहिली तर साधारण ३ वर्षांत. आपल्या शोकेसमध्ये काच लावून मांडलेली उघड्या खिडकीची चिप आठवा आणि हिशेब करा. लेबल सुटत असेल तर ते ओढून काढू नका, त्यावरचं हस्ताक्षर, तारीख, आवृत्ती हासुद्धा डेटाच आहे आणि तो कुठल्याही प्रोग्रामरने वाचता येत नाही. मी सुटलेला कोपरा तसाच हलक्याने खाली बसवला आणि त्याच्यावर न चिकटणारा काळा कागद ठेवून वरून बांधला. ॲल्युमिनियमची पट्टी लावणार असाल तर ती पिनांना टेकणार नाही इतकी छोटी कापा. जुन्या काळ्या फोममध्ये खोचून ठेवलेल्या चिप आजच बाहेर काढा, तो फोम कुजतो आणि पाय खातो. गरमीने चार्ज लवकर गळतो म्हणून थंड कोरडी जागा, बाकी अँटिस्टॅटिक पिशवी वगैरे तुम्हाला माहीत आहेच. बोर्डवर सेव्हसाठी बॅटरी असेल तर आधी सेव्हची रॅमही वाचून घ्या, टेस्टरच्या जुन्या सेव्ह तिथे सापडू शकतात, आणि बॅटरी काढली की त्या संपल्या.

इतका खटाटोप कशासाठी असं कुणी विचारलं तर मी अर्थबाउंडचं उदाहरण देतो. एनईएससाठीची इंग्रजी आवृत्ती १९९० मध्ये तयार झाली, विक्रीला कधी आलीच नाही, एका प्रोटोटाइप कार्ट्रिजवरून १९९८ मध्ये डम्प झाली, आणि निन्टेन्डोने अधिकृतपणे ती दिली २०१५ मध्ये. मधली सतरा वर्षं लोक जे खेळले ते त्या डम्पमुळे.

माझ्या बोर्डचा तिसरा बाइट अजून उरलाय. तो ग्राफिक्सच्या भागात आहे, एका टाइलमधल्या एका पिक्सेलचा रंग ठरवणारा बिट. ४.२५ ला पन्नासपैकी एकतीस वेळा ०, बाकी वेळा १, त्याच्या खाली गेलो तर सगळीच चिप बरळायला लागली. टाइल कितीही मोठी करून बघितली तरी दोन्ही रंग तिथे शोभतात. म्हणून मी ठरवलं नाही. दोन्ही फाइल ठेवल्यात, आणि सोबतच्या नोंदीत तो पत्ता, कुठल्या व्होल्टेजला किती वेळा काय आलं हे सगळं लिहिलंय. याच बिल्डची दुसरी कार्ट्रिज कुणाकडे असेल तर विषम चिपवरचा तेवढा एक बाइट वाचून सांगा, माझी नोंद तयार आहे.